'झोन'ला मराठीत काय म्हणाल? विभाग, फीडर की फड?

तापीकाठ (जळगाव) : मॉड्युलर सिंथची (सुटे भाग म्हणजे मॉड्युलं जोडून केलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य) पेटी करतोय. सुतारकाकांना कागदावर लिहून दिलं, 'पेटीत तीन विभाग'. काकांनी इमानदारीत मधे प्लायच्या दोन फळ्या ठोकल्या. आता मॉड्युलांना वीज नेणारी चपटी रिबन केबल जायला वाट नाही! मला विजेचे झोन म्हणायचे होते, म्हणजे सप्लायच्या एकेका वाट्यावर चालणारे मॉड्युलांचे गट. माझ्या सप्लायमध्ये दर झोनला +१२ व्होल्टवर १००० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, −१२ आणि +५ चा हिशोब वेगळा. लाकडाशी संबंध नाही, एका रांगेतही दोन झोन असू शकतात. हाच कागद भाच्यासाठी नीट मराठीत लिहायचाय. 'झोन'ला काय लिहू?

शुद्धमती : 'विद्युत-विभाग'. शब्द असताना झोन कशाला?

निवृत्त वायरमन : ताई, 'विद्युत-विभाग' वाचून भाचा बिल भरायला जाईल. फीडर लिहा. गावठाणचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीचा बंद असला तरी गावात पंखा फिरतो.

शुद्धमती : फीडर मराठी कधीपासून?

निवृत्त वायरमन : लाइन गेल्यावर आमच्या खेड्यातली आजी विचारते, 'आपला फीडर शे का त्यास्ना?' तेव्हापासून.

पांझराकाठ (धुळे) : दोघंही थांबा. आपल्याकडे फड आहे की! पांझरा, मोसमवरचे बंधारे, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड. मजा म्हणजे एका फडात एकच पीक. तुमच्या पेटीतही तेच करायचं असतं ना? डिजिटल मॉड्युलं किरकिर करतात, ती एका फडात. सूर काढणारे ऑसिलेटर दुसऱ्या फडात, म्हणजे सूर हलत नाही.

तापीकाठ : वा, हे आवडलं. माझ्या वरच्या झोनमध्ये +१२ वर ९०, १४०, ६५, २१० आणि ३२०, एकूण ८२५ होतात. पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा तर ८०० च्या आत राहायला हवं. ६५ वालं खाली नेलं की ७६०. चालू करताना काही मॉड्युलं क्षणभर जास्त ओढतात, म्हणून ही सोय. तर 'वरच्या फडात ७६०' असं लिहू?

निवृत्त वायरमन : फडात पाणी पाळीनं मिळतं भाऊ. आज तुमचा, उद्या त्याचा. पेटीत सगळे एकाच वेळी ओढतात. बसत नाही.

पांझराकाठ : पाळीचं सोडा हो, वाटणी बघा.

निवृत्त वायरमन : पाळी सोडली तर फडात राहिलं काय? भांडणं तरी कशावरून व्हायची?

केळीबाग (रावेर) : फड म्हटलं की मला तमाशा आठवतो. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड. सगळ्यांचं मूळ एकच असावं, माणसं जमतात ती जागा.

शुद्धमती : आणि फडणीस?

केळीबाग : तो 'फड' फारसी 'फर्द'वरून, असं आमचे गुरुजी सांगायचे. म्हणजे फड तरी शुद्ध कुठे?

शुद्धमती : गुरुजींचं राहू द्या. फड म्हणजे कचेरी असाही अर्थ आहेच, त्यावरूनच फडणीस.

निवृत्त वायरमन : मूळ कागदाकडे या. केबलच्या लाल पट्टीबद्दल काय लिहिलंय? आमच्यात लाल म्हणजे फेज.

तापीकाठ : इथे लाल पट्टी म्हणजे उणे बाराची बाजू. पहिल्यांदा मीही फसलो. केबल उलटी लावली, मॉड्युलमधून धूर आला. डोप्फर या जर्मन सिंथ कंपनीनं १९९० च्या दशकात ठरवलेली पद्धत आहे, बदलता येत नाही.

निवृत्त वायरमन : लाल आणि उणे? असल्या पेटीला हात लावणार नाही.

पांझराकाठ : 'उणे' लिहिलंत हे बरं केलंत. भाचा 'मायनस' म्हणत असेल ना?

शुद्धमती : शाळेत 'ऋण' शिकवतात. उणे म्हणजे कमी, आणि ऋण…

केळीबाग : ऋण म्हणजे कर्ज. आमच्या बागेवर आहे.

तापीकाठ : सुतारकाका फळ्या काढायला आलेत. विचारताहेत, 'आता काय लिवशी?' मी अजून 'झोन'च लिहिलंय.

शुद्धमती : 'लिवशी' की 'लिहिशी'?