मदत हवी आहे: सोसायटीच्या हॉलमध्ये कथक शिकवते, कोणता विमा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये कथकचे क्लास घेते. शिवाय विलेपार्ल्यात ओळखीच्यांच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये एक बॅच असते. संस्था, कंपनी वगैरे काही नाही, सगळं माझ्याच नावावर. माझी एक विद्यार्थिनी विशारद होऊन आता छोट्यांची बॅच सांभाळते, तिला मानधन देते.

सोसायटीत नवीन कमिटी आली आहे. हॉलच्या करारात 'क्लासच्या वेळेत कोणाला इजा झाल्यास किंवा हॉलचं नुकसान झाल्यास जबाबदारी क्लास घेणाऱ्याची' असं कलम त्यांना घालायचं आहे. त्यात मला गैर काही वाटत नाही, पण सही करण्याआधी पाठीशी विमा असावा एवढंच वाटतं.

ज्यांनी क्लास पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फरशी गुळगुळीत टाइल्सची. पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी बादली आणि पाय पुसायला गोणपाट असतं, तरी मुलं ओल्या पायांनीच धावत आत येतात. दुसरी धास्ती घुंगरांची. दोरीतून एखादं घुंगरू निसटतं आणि चक्कर घेणाऱ्या मुलीच्या टाचेखाली येतं. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच पडली, मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. पालक समंजस होते, त्यांच्या मेडिक्लेममधून खर्च निघाला. पण दुखापत मोठी असती तर? लोकांची पोरं आपल्या भरवशावर असतात, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

एजंटने दुकानदारांसाठीचं पॅकेज सुचवलं: आग, चोरी, फर्निचर. माझं सामान म्हणजे स्पीकर, लॅपटॉप, तबला-पेटी आणि पोशाखांच्या ट्रंका. ते गेलं तर वाईट वाटेल, पण निभावून नेईन. इजेची भरपाई मात्र मला झेपणारी नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं: फी भरून शिकणारी मुलगी 'तिसरी व्यक्ती' (म्हणजे मी आणि विमा कंपनी सोडून, जिला भरपाई मिळू शकते अशी व्यक्ती) धरली जाते का? वार्षिक कार्यक्रम नाट्यगृहात करतो, तो यात येतो का? दुबई आणि न्यू जर्सीच्या काही मुली ऑनलाइन शिकतात, त्यांचं काय? आणि माझाच पाय मोडला तर?

प्रतिसाद

ताई, मी जनरल इन्शुरन्समध्ये काम करतो. तुमची भीती बरोबर जागी आहे आणि एजंटचं पॅकेज दुसऱ्याच जागी. तुम्हाला आधी हवी ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे तुमच्या क्लासमुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारी. नेटवर १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा सापडेल, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला सक्ती नाही, तुम्ही स्वेच्छेने घ्यायची.

शिकणारी मुलगी 'तिसरी व्यक्ती' धरतात का, हा कळीचा मुद्दा तुम्हीच विचारलात. काही पॉलिसींमध्ये खेळात किंवा शारीरिक उपक्रमात भाग घेणाऱ्यांची इजा वगळलेली असते. म्हणजे बघायला आलेली आजी घसरली तर क्लेम, नाचणारी नात पडली तर नाही. तेव्हा 'शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची इजा धरली आहे' हे पॉलिसीतच लिहून घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनाला क्लेमच्या वेळी किंमत नसते. सहशिक्षिकेच्या हातून झालेली चूकही त्यात बसवून घ्या. चुकीचं शिकवल्यामुळे इजा झाली असा दावा आला तर प्रोफेशनल इंडेम्निटी लागते. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतल्यात तर टोलवाटोलवी टळते.

पत्ते दोन्ही लिहा, मुलुंड आणि पार्ले. नाट्यगृहाचा कार्यक्रम वेगळा कळवा. परदेशातल्या मुलींचं म्हणाल तर बहुतेक पॉलिसी भारतापुरत्या असतात, अमेरिकेतल्या कोर्टातला दावा त्यात येत नाही. तो हवा असेल तर स्पष्ट मागा, हप्ता वाढेल. आणखी एक, या पॉलिसी बहुधा 'क्लेम्स मेड' असतात, म्हणजे दावा येतो त्या वेळी पॉलिसी चालू असावी लागते. नूतनीकरण चुकवू नका.

सामानासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. आग, पूर, वादळ त्यात येतं, साध्या चोरीला वेगळी पॉलिसी. हे सावकाश केलंत तरी चालेल.

प्रतिसाद

मी दादरला भरतनाट्यम शिकवते. स्वतःच्या पायाचं अजिबात मागे ठेवू नकोस गं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते, पण ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरती, २ लाखांपर्यंत. सहा आठवडे प्लास्टर झालं तर एक पैसा मिळत नाही. त्यासाठी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवड्याचा लाभ आहे का ते बघ. सहशिक्षिकेलाही घेऊन दे. आणि आपल्या झिजलेल्या गुडघ्यांना अपघात म्हणत नाहीत, ते मेडिक्लेमवरच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पालकांकडून 'इजा झाल्यास क्लास जबाबदार नाही' असं लिहून घेतलं तर लायबिलिटी कमी रकमेची घेतली तरी चालेल का?

प्रतिसाद

नाही ताई, त्या भरवशावर रक्कम कमी करू नका. फरशी ओली ठेवली असा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्या कागदाने तुमची सुटका होईलच असं नाही. पालकांकडून कागद घ्याच, पण त्यावर मुलीचे जुने आजार, जुन्या दुखापती आणि तातडीचा फोन नंबर लिहून घ्या. पडझडीची एक वहीही ठेवा: तारीख, काय झालं, कोण हजर होतं, पालकांना किती वाजता कळवलं. मोठी घटना असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवायचं आणि तोवर कोणालाही भरपाई कबूल करायची नाही, ही पॉलिसीतली अट असते. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. कमिटीला त्यांच्या कलमाचा मसुदा लेखी मागा आणि तो प्रपोजल फॉर्मला (पॉलिसीसाठीच्या अर्जाला) जोडा, कारण करारात अंगावर घेतलेली जादा जबाबदारी पॉलिसी आपणहून उचलत नाही.