कायदा आहे, यादी अपुरी आहे

वर एकांनी लिहिलंय की गडावर नावं कोरणाऱ्यांसाठी कायदाच नाही. आहे की! १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. पण हे फक्त केंद्र संरक्षित स्मारकांना, म्हणजे रायगड, शिवनेरी वगैरे. राजगड, साल्हेर राज्याकडे, १९६० च्या वेगळ्या कायद्याखाली.

माझी खरी काळजी मात्र वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडांची. देवळामागे पडलेले, कुणी शेंदूर फासलेला, कुणी ऑइलपेंट. त्यातले बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. दगड चौथऱ्यात चिणला तरी विचारणार कोण? ग्रामपंचायतीनं निदान फोटोसकट नोंद तरी ठेवावी.