देवळातला तो कोपऱ्यातला देव नक्की कोण होता?

काल रात्री मोरीतला नळ गळत होता. उठायचा कंटाळा, झोपही येईना, आणि एकदम आजोळचं महादेवाचं देऊळ आठवलं. अभिषेकपात्रातून पिंडीवर अस्संच टप... टप चालायचं. बाहेर गणपती, पारावर मारुती आणि पारामागे शेंदूर फासलेला एक धोंडा. सगळे त्याला म्हसोबा म्हणत, नारळ फोडत. एका पावसाळ्यात शेंदराची खोळ सुटून पडली आणि आत निघाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड! खाली गाई नि लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, टोकाला चंद्रसूर्य. गाई सोडवताना मेलेला कुणीतरी. आजी म्हणाली, "मग काय झालं? नारळ वाया नाही गेले." आठ दिवसांत पुन्हा शेंदूर!
तुमच्याकडचे सांगा.

ओसरी: आमच्याकडे दगडावर नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. आम्ही 'टाटावाली देवी' म्हणायचो. ती सतीशिळा हे कॉलेजात कळलं. नंतर कधी हसू आलं नाही.

बंड्या: दगडी कासव. माझा अंगठा. बास.

ओसरी: @बंड्या खाली बघून चालावं माणसाने 😄

बंड्या: अहो, नंदीच्या शिंगांवर बोटं ठेवून मधून पिंडी बघायची होती. टाचा उंचावल्या नि गेलो.

पडवी: आमची आत्या घाईत महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालून आली. गुरवकाका ओरडले, "अहो ताई, सोमसूत्र ओलांडलंत!" (पिंडीवरचं पाणी बाहेर जातं ती पन्हळ; ती ओलांडायची नसते.) तिने शांतपणे तेवढीच उलटी मारली. म्हणे, "झालं वजा."

चिंचेखालचा: खोळ म्हणाल तर वणीची सप्तशृंगी. 2022 मध्ये शेंदराचं कवच काढलं, तेव्हा फोटो बघून आई म्हणाली, "ही आपली नव्हे." अठरा हात मोजले, मग पदर घेऊन नमस्कार केला.

रविवार: विषय निघालाच आहे तर... पांढऱ्या शर्टावरचा शेंदूर कसा काढायचा? मारुतीला टेकलो होतो. उद्या ऑफिस आहे.

पडवी: तेलात कालवलेला असतो तो. आधी कोरडं पीठ दाबून ठेव, मग भांड्यांचा साबण. पाणी अजिबात लावू नकोस.

रविवार: लावलं.