शब्दचर्चा : उखळी तोफेचा ‘धक्का’, ‘फुसका बार’ आणि ‘गोळा सोडणे’

प्रश्न :
चिलखती गाडीतून उखळी तोफेचा (मॉर्टरचा) मारा करण्यावरचा एक तांत्रिक लेख मराठीत आणतो आहे. ‘रिकॉइल’ला, म्हणजे बार होताच तोफेला मागे बसणाऱ्या हिसक्याला, प्रत्याघात म्हणावं की प्रतिक्षेप? ‘मिसफायर’ला, म्हणजे बार न होण्याला, ‘फुसका बार’ चालेल का? आणि ‘तोफ बसवलेली गाडी’ एवढं पुरेल?

प्रतिसाद :
रिकॉइलला सरळ ‘धक्का’ लिहा. प्रत्याघात वाचला की हल्ल्याला दिलेलं उत्तर डोळ्यांपुढे येतं. आणि धक्का जातो कुठे, हाच तर या लेखाचा गाभा असणार. लांब नळीच्या तोफेत नळी मागे सरकते आणि धक्का जिरवणारी यंत्रणा तो झेलते. साध्या उखळी तोफेत तशी सोय नसते. नळी साधारण ४५ ते ८५ अंशांत उभी, बुडाशी बेसप्लेट म्हणजे जमिनीवर टेकणारी जाड तबकडी, आणि धक्का थेट जमिनीत. तीच तोफ गाडीत ठेवली की जमिनीचं काम गाडीच्या तळाला आणि सस्पेन्शनला करावं लागतं. बार होताच गाडी दबते, उसळते, नेम हलतो. तो पुन्हा जुळवावा लागतो. नळी जितकी तिरपी, तितका धक्का आडवा. त्यात ती गाडीच्या बाजूला वळवलेली असेल तर अख्खी गाडी डोलते. म्हणून अशा गाड्यांमध्ये नळी किती फिरवायची आणि किती झुकवायची याला मर्यादा असतात.

‘बसवलेली’ मात्र पुरत नाही. सोव्हिएत बनावटीची २४० मिमी ‘त्युल्पान’ गाडीवरच असते, पण डागताना तिची बेसप्लेट गाडीच्या मागे जमिनीवर टेकवतात. उलट बीएमपी-२ या चिलखती गाडीवर बेतलेल्या भारतीय ‘कॅरिअर मॉर्टर ट्रॅक्ड’मधून ८१ मिमीचा मारा गाडीच्या आतूनच होतो. पहिलीत धक्का जमीन घेते, दुसरीत गाडी. दोन्हींना एकच विशेषण लावलं तर हा फरक पुसला जाईल. ‘गाडीवरून नेलेली’ आणि ‘गाडीतून डागायची’ असे दोन वेगळे प्रयोग करा. गजनाळ (हत्तीवरची), सुतरनाळ (उंटावरची) हे जुने शब्द तोफ कोण वाहतं तेवढंच सांगतात. इथे त्याहून जास्त सांगायला हवं.

प्रतिसाद :
‘फुसका बार’ कृपा करून काढा. मराठीत फुसका बार म्हणजे संपलेला विषय. इथे तो संपलेला नसतो. गोळा वरून नळीत टाकतात, तो घसरत बुडाच्या खिळीवर आदळतो आणि दारू पेटते. ती पेटलीच नाही, तर जिवंत गोळा नळीत बसून राहतो. कधी ती थोड्या उशिरानेही पेटते, म्हणून लगेच नळीच्या तोंडावर डोकवायचं नसतं. या दुसऱ्या प्रकाराला मी ‘रेंगाळलेला बार’ म्हणेन आणि पहिल्याला ‘न झालेला बार’. शब्द ओबडधोबड आहेत, पण कुणाला गाफील करणार नाहीत.

याहून घातक घोटाळा ‘गोळा सोडला’मध्ये आहे. हातातून नळीत सोडला, की नळीतून बाहेर सुटला? शेजारच्या गाड्यांचे बार कानांवर आदळत असताना आपला बार झाला असं वाटतं आणि पहिल्याच्या डोक्यावर दुसरा गोळा जातो. नळीतच स्फोट होण्याचं हे एक जुनं कारण आहे. सोव्हिएत उखळी तोफांच्या तोंडाशी दुसरा गोळा अडवणारी कळ म्हणूनच बसवत. तुमच्या लेखात नळीत ‘टाकला’ आणि नळीतून ‘सुटला’ हे शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

प्रश्न :
हे करतो. एक राहिलं. छप्पर उघडं असताना गाडीला ‘चिलखती’ म्हणायचं?

प्रतिसाद :
म्हणायचं. बाजूंचं चिलखत असतंच. पण डागताना वरची झाकणं पूर्ण उघडी असतात आणि नळीचं तोंड माणसांच्या डोक्यापासून फार लांब नसतं. बाराचा दाब त्यांच्या कानांवर येतो, आणि वर फांदी किंवा जाळी असेल तर गोळा तिच्यावर आदळू शकतो. ‘डागताना उघडं छप्पर’ हे शब्द पहिल्याच वाक्यात येऊ द्या. ‘नेमो’सारख्या बंद बुरुजाच्या तोफेत गोळा मागून भरतात, तिथे ते लागू नाहीत.