वय सोळा, मतं साठीची! ही येतात तरी कुठून?

खिडकीपाशी:

बरेच दिवस नुसती वाचत असते इथे, आज लिहावंसं वाटलं. लेक सोळाचा आहे. परवा जेवताना सांगत होता की त्याच्या वर्गातल्या एका मुलाचं आणि मुलीचं 'काहीतरी आहे' हे सगळ्या शाळेला कळलंय. मी म्हटलं असेल बाई, या वयात असतंच. पण मग तो ज्या भाषेत त्या मुलीबद्दल बोलला ना, माझा घास घशातच अडकला. 'तसलीच आहे ती', 'लग्नाआधी असलं करणाऱ्या मुलींशी पुढे कोण लग्न करतं', आणि वर 'धर्मात पण चालत नाही हे'. मी विचारलं, आणि तो मुलगा? तर म्हणे त्याचं काय, तो मुलगा आहे.

आता गंमत अशी की आम्ही दोघंही देवधर्माच्या बाबतीत बेताचेच. आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं, ते त्याला लहानपणापासून माहितीये, घरात मुलगा-मुलगी असा भेद कधी केला नाही, निदान मुद्दाम तरी नाही. मग हे आलं कुठून? धर्म, समाज, मित्र, मोबाईल, नक्की कोण शिकवतंय माझ्या पोराला? आणि त्याच्याशी बोलायचं तर सुरुवात कुठून करू? नवरा म्हणतो दुर्लक्ष कर, वयच असं आहे. मला नाही जमत.

('संस्कार कमी पडले' छापाचे प्रतिसाद प्लीज नकोत, ते नातेवाईकांकडून फुकट मिळतात.)

आकडेमोड:

विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक लक्षात घ्या, पोरं काय बोलतात आणि काय करतात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धर्माचा जोर पहिलीवर जास्त चालतो. अमेरिकेत १९९३ च्या सुमाराला चर्चच्या पुढाकाराने किशोरांकडून 'लग्नापर्यंत थांबेन' अशी शपथ लिहून घ्यायची मोठी लाट आली होती. बेअरमन आणि ब्रुकनर या दोघांनी २००१ मध्ये त्यावर पेपर लिहिला, तर शपथेचा परिणाम दिसला पण एका अटीवर. शाळेत शपथ घेणारे थोडे असले की ती पोरं स्वतःला वेगळी समजायची आणि शपथ टिकायची, सगळ्यांनीच घेतली की त्यात विशेष काही उरायचं नाही आणि परिणाम गायब. म्हणजे काम देवाच्या भीतीपेक्षा 'आपला ग्रुप' करत होता. नंतर २००९ मध्ये जॅनेट रोझेनबाउमने शपथ घेतलेली आणि न घेतलेली पण बाकी सगळ्या बाबतीत सारखी अशी मुलं पाच वर्षांनी तपासली. संबंधांच्या बाबतीत दोघांत फरक नाही, शपथवाले गर्भनिरोधक मात्र कमी वापरत होते, आणि ८२ टक्के जण तर आपण शपथ घेतलीच नव्हती म्हणून मोकळे!

आता तुमचा प्रश्न, की घरात नाही तर आलं कुठून. अॅडमझिक आणि हेज यांचा २०१२ चा अभ्यास आहे, ३१ विकसनशील देशांवरचा. त्यात सगळ्यात रोचक हे की ज्या देशात मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण जास्त, तिथे इतर धर्माचे लोकसुद्धा 'लग्नाआधी संबंध आले का' याला 'हो' कमी सांगतात. म्हणजे स्वतःचा धर्म कुठला याच्याइतकंच आजूबाजूला काय चालतं हेही महत्त्वाचं. तुम्ही बेताचे असाल, त्याच्या आजूबाजूचे नसतील.

आणि घराचा वाटा शून्य नाही बरं का. १९८९ चा थॉर्नटन आणि कॅम्बर्न यांचा एक जुना अभ्यास आहे, डेट्रॉइट भागातल्या आया आणि त्यांची अठरा वर्षांची मुलं. चर्चला नेमाने जाणारी मुलं मतांनी कडक निघाली हे अपेक्षितच, पण उलटंही दिसलं, ज्यांची मतं सैल त्यांचं चर्चला जाणं कमी होत गेलं. धर्म मतं घडवतो आणि मतं धर्म निवडतात, असं दोन्ही बाजूंनी चालतं ते.

जुनं_खोड:

आकडे छान आहेत पण मूळ मुद्दा बाजूला राहिला. भाषा वाईट होती हे मान्य, कान उपटायला हवेत. पण सोळाव्या वर्षी हे नको असं मुलाला वाटत असेल तर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत जगभर गरोदरपण आणि बाळंतपणातली गुंतागुंत येते, जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगतेय. सगळ्या धर्मांनी थांबा म्हटलं ते काय उगाच? आजकाल थांबा म्हणणाऱ्याला लगेच बुरसटलेला ठरवतात.

पायवाट:

खोडकाका, थांबा म्हणण्याला कोणाचाच आक्षेप नाहीये, 'तिनेच थांबावं' याला आहे.

मी स्वतः श्रद्धाळू आहे, आमच्याकडे तरुण मुलांचा अभ्यासवर्ग असतो तो बरीच वर्षं घेतोय, त्यामुळे लेकाने 'धर्मात चालत नाही' म्हटलं ते मला जास्त टोचलं. धर्मात काय आहे ते तरी धड सांगावं ना. कुराणात चोविसाव्या सुऱ्यात नजर खाली ठेवायची आज्ञा आधी पुरुषांना आहे, तिसावी आयत, स्त्रियांना त्याच्या पुढच्या आयतीत, आणि विवाहबाह्य संबंधांना शिक्षा सांगितली तिथे पुरुष आणि स्त्री दोघांचाही उल्लेख आहे. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा आणि बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार असं बरोबरीने मांडलंय. बौद्धांच्या पंचशीलातलं तिसरं शील, कामाच्या बाबतीत मिथ्याचार नको, तेही सगळ्यांनाच. मनुस्मृतीने विवाहाचे जे आठ प्रकार मोजले त्यात दोघांनी आपसात पसंतीने केलेला गांधर्वही आहे (बाकी त्या ग्रंथात बायकांबद्दल काय काय आहे ते माहितीये मला, त्यावर इथे नको सुरू करायला).

पण पोरं कुठे ग्रंथ वाचतात. त्यांच्यापर्यंत धर्म पोचतो तो उपदेशातून, आणि उपदेश करणाऱ्यांचा अर्धा वेळ मुलींच्या कपड्यांवर जातो. मुलांना काय सांगतात? अभ्यासाकडे लक्ष द्या. बस. मग ऐकणारा मुलगा यातून काय घेऊन घरी जाणार?

आमच्या वर्गात मी एक डबा ठेवतो, नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या. गेल्या खेपेला निघालेल्या चिठ्ठ्यांतल्या दोन सांगतो. एकात होतं, 'नुसती आवडली तरी पाप लागतं का'. दुसरीत, 'मेसेज डिलीट केले तर ते देवाला दिसतात का'. मागच्या ओळीतली पोरं ही वाचताना फिदीफिदी हसत होती, आणि माझी खात्री आहे की चिठ्ठ्या त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी. वरून कडक आणि आतून घाबरलेली असतात हो ही मुलं.

रात्रघुबड:

मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. पायवाट यांचा डबा मी पण वापरते, अगदी असंच निघतं.

खिडकीपाशी, लेकाच्या बोलण्यातला 'तो मुलगा आहे' हा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो तुमच्या घरातून आला नसला तरी फार लवकर आलाय हे धरून चाला. जागतिक आरोग्य संघटना आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून १५ देशांतल्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर काम केलं होतं, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. गरीब देश, श्रीमंत देश, सगळीकडे वयात येईपर्यंत मुलांच्या डोक्यात हे पक्कं होतं की मुलगी म्हणजे जपायची, झाकायची वस्तू आणि मुलगा म्हणजे पुढाकार घेणारा, त्याला मोकळीक. देशोदेशींचे धर्म वेगळे पण धडा तोच.

आणि हा धडा न पाळणाऱ्याला किंमत मोजावी लागते. डेरेक क्रेगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रामीण भागातल्या किशोरांचा एक अभ्यास मांडला होता, शाळेतली मुलं आपल्या मित्रांत कोणाकोणाची नावं घेतात ते बघून. शरीरसंबंध आल्याचं सांगणाऱ्या मुलींना मित्र मानणारे सरासरी ४५ टक्क्यांनी घटले, आणि तेच सांगणाऱ्या मुलांचे ८८ टक्क्यांनी वाढले. हे सगळं वर्गाला न सांगता कळतं. मग तुमचा लेक ते वाक्य जेवायच्या टेबलावर बोलून बघतो, घरी कसं वाटतंय ते. त्याचं स्वतःचं मत ते नसेलही.

वर्गातल्या प्रत्येकाला वाटत असतं की बाकीचे सगळे असंच मानतात, मलाच एकट्याला वेगळं वाटतं, मग कशाला तोंड उघडा. प्रत्येक जण गप्प, म्हणून ते मत सगळ्यांचं असल्यासारखं दिसतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेंटिस आणि मिलर यांनी विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल हेच दाखवलं होतं, मनातून अस्वस्थ असलेले खूप होते पण प्रत्येकाला वाटायचं बाकीच्यांना चालतंय.

खोडकाका, तुमच्या काळजीला उत्तर देते. युनेस्कोने २०१८ ची लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शिका काढताना जगभरातले अभ्यास तपासले, तर नीट माहिती दिल्याने पोरं लवकर सुरुवात करत नाहीत, काही ठिकाणी उशिराच करतात. नुसतं 'करू नका' सांगणारे कार्यक्रम मात्र त्यासाठी उपयोगी पडल्याचं दिसलं नाही.

बोलायचं कसं? समोर बसवून एकच मोठं भाषण देऊ नका. २००८ मध्ये मार्टिनो वगैरेंचा अभ्यास आला होता, आईवडील जितक्या वेळा आणि जितके विषय परत परत काढतात तितकी मुलांना जवळीक वाटते, एकदाच उरकून टाकण्याने नाही. चालताना, गाडीत, भांडी आवरताना, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा काढा. मतावर हल्ला नको. 'हे कोण म्हणालं रे पहिल्यांदा?' एवढंच विचारा आणि थांबा. थांबणं अवघड जातं, मलाही अजून जातं.

चष्मिस_०७:

काकू मी १९ चा आहे, मुलगा. सगळे धर्म आणि अभ्यास सांगतायत पण कोणी रील्सचं बोललंच नाही 😅 आम्हाला धर्म कुठल्या देवळात मशिदीत चर्चमध्ये नाही मिळत, फोनवर मिळतो. माईक समोर घेऊन बसलेले दादा लोक असतात, पाच मिनिटं जिम, पाच मिनिटं पैसे, मग मुलींचा 'बॉडी काउंट', म्हणजे कोणाचे किती जणांशी संबंध आले ते, आणि शेवटी धर्मातलं एखादं वाक्य लावतात म्हणजे भारी वाटतं. कुठल्याही धर्माचे असोत, स्क्रिप्ट सेम. एक पूर्ण बघितलं की फोन रोज दहा आणून देतो.

माझ्या ग्रुपमध्ये जो सगळ्यात जास्त हे बोलायचा त्यानेच मला रात्री पर्सनल मेसेज करून विचारलं होतं की मला एक मुलगी आवडते, तिला सांगू का, आणि तू हे ग्रुपवर टाकू नको. म्हणून काकू त्याचं बोलणं फार मनावर घेऊ नका, पण सोडूही नका.

आणि एक विचारू? सगळे तुमच्या मुलाचं बोलतायत. त्या मुलीचं काय झालं?

खिडकीपाशी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडीतून येताना विचारलं, कोण म्हणालं रे पहिल्यांदा. आधी 'सगळेच' म्हणाला. मी गप्प बसले. मग थोड्या वेळाने स्वतःच फोन काढून एक व्हिडिओ दाखवला, चष्मिस म्हणतो तसलाच, माईक, दाढी, मागे पुस्तकांचं कपाट. मी पूर्ण बघितला, काही बोलले नाही, फक्त म्हटलं, हा माणूस मुलांना काय करू नका म्हणतो ते कुठे आलं नाही यात. तो म्हणाला, 'ते पुढच्या पार्टमध्ये असेल'. मग आपणच हसला.

चष्मिस, तुझा प्रश्न वाचून मी त्याला विचारलं. ती मुलगी शाळेत येत नाहीये. तो मुलगा रोज येतो, कॅप्टन आहे. माझ्या मनात येतंय की तिच्या आईला फोन करावा, वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर नंबर आहे, ओळख काही नाही. करू का?

चष्मिस_०७:

नको नको काकू!! तिच्या घरी माहितीच नसेल तर? तुमच्या फोनने कळेल आणि मग तिची शाळाच बंद व्हायची.

रात्रघुबड:

चष्मिस बरोबर बोलतोय, आईला थेट फोन अजिबात नको. शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना भेटा, नसेल तर ज्या शिक्षकांवर मुलांचा विश्वास आहे असे कोणी. दोघांचं कसं जमलं वगैरे तिथे काढू नका. एक मुलगी वर्गातल्या बोलण्यामुळे शाळेत येत नाहीये असं वाटतंय, तिची काळजी वाटते आणि ही गोष्ट शाळेकडून तिच्या घरी जायला नको, एवढंच सांगा. आणि जायच्या आधी लेकाला सांगून जा, पाठीमागून कळलं तर परत फोन दाखवणार नाही तो.