प्रतिसाद: कोकुल्लोचे साप
सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला निघायची तशी जिवंत सापांची मिरवणूक आणखी कुठे निघते का, असं एकाने विचारलंय. निघते की! इटलीत, आब्रुत्सो प्रांतातल्या कोकुल्लो गावात, दरवर्षी १ मेला. गावचे संत दोमेनिको (मृत्यू १०३१) सर्पदंश आणि दातदुखी, दोन्हींवर पावतात. मूर्ती चर्चबाहेर आली रे आली की तिच्यावर साप सोडतात. ते मूर्तीच्या गळ्यावरून वर सरकत थेट तोंडावर वळवळतात. आत चर्चमध्ये घंटेची साखळी दातांनी ओढायची, म्हणजे दाढ दुखत नाही म्हणे! (मला आपली लवंग बरी.) साप सगळे बिनविषारी. तज्ज्ञ त्यांची मोजमापं घेतात, मग जिथले तिथे सोडतात. शिराळ्यात मात्र अस्सल नाग असायचे, शिवाय तिथल्या मिरवणुकीला १९७२चा वन्यजीव कायदा आडवा आला.