सेंट जॉन बेटावरील अ‍ॅनाबर्गचे अवशेष: नेमके काय पाहावे?

प्रश्न
नमस्कार. अमेरिकी व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन येथे आम्ही जाणार आहोत आणि समुद्रकिनाऱ्यांखेरीज अ‍ॅनाबर्ग येथील जुन्या ऊसमळ्याचे अवशेषही पाहावेत, असे मनात आहे. बरोबर माझी बारा वर्षांची मुलगी असेल. छायाचित्रांत पवनचक्कीचा देखणा दगडी बुरूज आणि त्यामागचा निळा समुद्र एवढेच दिसते. जिथे माणसांना गुलाम म्हणून राबवले, तिथे जाऊन आपण पाहायचे तरी काय, हे मला उमगत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १
माझा सल्ला असा की उसाच्या मागोमाग चालावे. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर रस आंबतो, त्यामुळे हंगामात दिवस आणि रात्र हा भेदच उरत नसे. वारा असेल तेव्हा पवनचक्कीचा चरक चाले आणि वारा पडला की शेजारच्या गोल ओट्यावर जनावरे जुंपून चरक फिरवत. तिथून रस पन्हळीतून उतारावरच्या काहिलींच्या इमारतीत जाई. एका रांगेत मांडलेल्या लहान होत जाणाऱ्या काहिलींत तो एकामागून एक ओतला जाई, आणि खाली चिपाडांचा जाळ असे. सर्वांत लहान काहिलीत साखरेचा दाणा धरण्याचा क्षण ओळखणारा कारागीर गुलामच असे. आपल्याला ‘काहील’ म्हटले की गुऱ्हाळाचा गोड वास आठवतो. तो आधी मनातून काढून टाकावा लागतो. उकळता रस पळ्यांनी उपसताना भाजणे आणि झोपेच्या भरात हात चरकात जाणे, हे कॅरिबियन मळ्यांवर नित्याचे होते. निथळलेल्या काकवीपासून रम गाळत, तिची भट्टीही तिथेच आहे.

उत्तर २
वरील माहिती योग्य आहे, पण त्या क्रमाने फिरल्यास अ‍ॅनाबर्ग हे जुन्या कारखान्याचे प्रदर्शन होऊन बसते, असा माझा अनुभव आहे. मी तासभर यंत्रे समजून घेत राहिलो आणि माणसे राहत होती ती जागा जवळजवळ न पाहताच ओलांडून गेलो. उतारावर सोळा झोपड्यांच्या खुणा आहेत. खांब रोवून, फांद्यांचा कूड विणून, त्यावर चुना आणि माती लिंपून, वर पाल्याचे छप्पर घातलेली ती घरे कधीच नाहीशी झाली. सुमारे ३८ फूट उंचीचा बुरूज टिकला, कारण मालकाने दगड वापरला तो साखरेसाठी. म्हणून आधी त्या रिकाम्या उतारावर थांबावे आणि मगच बुरुजाकडे जावे.

उत्तर ३
झोपड्यांबद्दल सहमत आहे. मात्र दगडी भिंती केवळ मालकाच्या म्हणणे मला पटत नाही. त्या जवळून पाहाव्यात. स्थानिक दगडांमध्ये जहाजांतून तोल राखण्यासाठी भार म्हणून आलेल्या पिवळ्या विटा आणि समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचे तुकडे बसवलेले आहेत, आणि प्रवाळावरची वळणदार नक्षी अजून स्पष्ट दिसते. ते प्रवाळ फोडून वर वाहून आणणारे हात गुलामांचेच होते. मुलीला हे लगेच समजेल.

दुसरे म्हणजे, तिला समोरच्या सामुद्रधुनीपलीकडे दिसणारे टॉर्टोला बेट अवश्य दाखवा. त्या काळी ते ब्रिटिशांचे होते आणि सेंट जॉन डेन्मार्कचे. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला, तर डॅनिश बेटांवर मुक्तीची घोषणा ३ जुलै १८४८ रोजी झाली, तीही सेंट क्रॉय बेटावरील हजारो गुलाम उठाव करून रस्त्यावर आल्यानंतर. मधल्या चौदा वर्षांत उसाच्या शेतातून मान वर केली की स्वातंत्र्य डोळ्यांना दिसत होते. काहींनी होड्यांतून, तर काहींनी पोहून ते गाठण्याचा प्रयत्न केला.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे आभार. झोपड्यांपासूनच सुरुवात करू. सेंट जॉनवरचे १७३३ चे बंड याच इमारतींत झाले का?

उत्तर ३
नाही, आणि मुलीला तसे सांगू नये. नोव्हेंबर १७३३ मध्ये गुलामांनी लाकडांच्या मोळ्यांत कोयते लपवून बेटाच्या पूर्वेकडील कोरल बे येथील किल्ल्यात प्रवेश केला आणि तो ताब्यात घेतला. बंडाचे नेतृत्व पश्चिम आफ्रिकेतील अक्वामू लोकांकडे होते. पुढे कित्येक महिने बेटाचा बराच भाग त्यांच्या हाती राहिला. अखेर १७३४ मध्ये मार्टिनिकहून आलेल्या फ्रेंच सैन्याच्या मदतीने ते मोडले गेले. अ‍ॅनाबर्ग येथे आज दिसणारा कारखाना त्यानंतर अनेक दशकांनी बांधला गेला, म्हणजे बंड मोडून पडल्यावरही ऊस वाढतच गेला. प्रवासाचे म्हणाल तर, बेटावर विमानतळ नाही. सेंट थॉमसहून फेरीबोटीने क्रूझ बे येथे उतरावे लागते. अ‍ॅनाबर्गच्या वाहनतळापासूनची चढण थोडीच आहे, पण सावली फारशी नाही, त्यामुळे सकाळी लवकर निघावे.